ग्रांदची पोवळी आणि गोव्याचं हिरवं पाणी

गुरुवार, अंजुणे

अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. म्हणजे उधाणाचे दिवस. उधाणात भरती जेवढी वर चढते, तेवढीच ओहोटीही लांब जाते, आणि खडकावरचे जीव बघायचे तर त्या लांब गेलेल्या ओहोटीचा एखाद-दीड तास काय तो हाताशी असतो. म्हापशाहून अण्णांच्या स्कूटरवर निघालो तेव्हा अंधार होता. अण्णा माझे मावसभाऊ. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेत. गोव्याच्या समुद्रात पोवळी आहेत आणि ती बघायला मी कोल्हापूरहून आलेय, हे त्यांनी शेजारच्या दोन-तीन घरांत आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. ‘आमच्याकडे? पोवळी?’ असं सगळ्यांनी विचारलं म्हणे.

आहेत. जिथे आहेत तिथेच का आहेत, हा प्रश्न घेऊन मी आले होते. लक्षद्वीप त्याच अरबी समुद्रात. तिथे अख्खी बेटं पोवळ्यांनी बांधली आहेत. गोव्याला शंभर किलोमीटरांच्या वर किनारा आहे, पाणी उबदार आहे, तरी इथे पोवळी ग्रांद बेटासारख्या काही मोजक्या खडकांना धरून राहतात. आधी बाकीचा किनारा बघू, पोवळ्यांकडे मग जाऊ, असं अण्णांचं म्हणणं पडलं आणि ते मला पटलं.

अंजुण्याच्या उत्तरेकडच्या खडकांवर उजाडता उजाडता पोचलो. पाणी नुकतंच उतरलेलं, खडक काळे आणि निसरडे. सगळ्यात वर, जिथे लाटेचे फक्त तुषार पोचतात, तिथे शेंगदाण्याएवढ्या गोगलगायी भेगांत दाटीवाटीनं चिकटलेल्या होत्या. त्यांच्याखाली बार्नॅकलांचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक कवचाच्या जिवांचा, पांढुरका पट्टा. त्याखाली कालवं, खडकाला इतकी घट्ट की शिंपला कुठे संपतो आणि खडक कुठे सुरू होतो ते बोटानं चाचपूनच कळावं. आणि अगदी खाली, जिथे दिवसातून थोडाच वेळ उघडं पडायला होतं, तिथे हिरवट-पिवळट, बुळबुळीत गालिचा पसरलेला.

हे झोअँथिड. पोवळ्यांचे चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही, फक्त यांना चुन्याचा सांगाडा नसतो. मी गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिले. उघड्यावर पडलेला प्रत्येक जीव आपलं तोंड मिटून, अंगाची गुंडी करून बसला होता, वर चिकट स्रावाचा पातळ थर. हाताच्या अंतरावर, वीतभर खोल डबक्यात, त्याच जातीचे जीव पूर्ण उमललेले: हिरव्या चकत्या आणि कडेला बारीक झालर. पाणी वीतभर असणं आणि नसणं, एवढ्यावर एकाच जिवाची दोन रूपं. शेजारी एक जाडसर, वाळूच्या रंगाची जात होती. ती खरोखरच वाळूचे कण आपल्या अंगात रोवून घेते. हिला पॅलिथोआ म्हणतात, आणि हिला हात लावायचा नाही. तिच्यातलं पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. हातावर साधी जखम असली तरी धोका. लहान मुलांना घेऊन या खडकांवर जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

डबक्यांतून सरगॅसम भरपूर होतं, तपकिरी, बारीक हवेचे फुगे असलेलं समुद्री शेवाळ. पावसाळा संपला की ते उगवतं आणि थंडीत त्याचं रान माजतं. अण्णांनी एक झुपका बाजूला केला. खाली सावलीत, मुठीएवढं, मातकट रंगाचं खरं पोवळं होतं. एकच. त्यावर शेवाळाची सावली, आजूबाजूला वाळू. अर्ध्या तासानं पाणी परत चढायला लागलं आणि आम्ही मागे सरलो.

गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरांचा फरक असतो. मुंबईत तो पाच मीटरांच्या घरात जातो. म्हणजे इथला उघडा पडणारा पट्टा तसा अरुंद, आणि त्यात सगळ्यांना आपापली पायरी धरून बसावं लागतं. वरची हद्द ऊन ठरवतं. खालची हद्द बहुतेकदा शेजारी ठरवतात, कोण कुणाची जागा बळकावतो आणि कोण कुणाला खातो यावर.

शुक्रवार, म्हापसा आणि दोनापावला

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. मासळीच्या भागात बांगडे ढिगांनी, तारले टोपल्यांनी. तामसो आणि गोबरा मात्र एखाद-दुसरा, बाजूला, वेगळ्या भावाचा. खडकात राहणारे मासे आहेत ते, आणि खडक थोडे. अण्णांनी बांगडेच घेतले.

दुपारी दोनापावल्याला गेलो. एका बाजूला मांडवीचं मुख, दुसऱ्या बाजूला झुवारीचं. वर टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ साली सुरू झालेली. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून तिचा जन्म झाला. माझी एक मैत्रीण पूर्वी समुद्री सूक्ष्मजीवांवर काम करायची, ती पणजीतच राहते. ती आम्हाला धक्क्यावर भेटली आणि तिथेच कठड्याला टेकून तिनं जे सांगितलं, ते या सगळ्या सहलीचं मर्म होतं.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तो सगळा डोंगर धूत दोन नद्यांतून इथे येतो. त्या महिन्यांत मुखाशी वरवरचं पाणी जवळजवळ गोडं असतं आणि मातीनं लाल असतं. पोवळ्याला गोडं पाणी सोसत नाही. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर जगतं आणि पोवळ्याला खाऊ घालतं, त्यामुळे गढूळ पाण्यात त्याची उपासमार होते. वरून गाळ बसला तर तो झटकण्यात ताकद जाते. आणि पोवळ्याच्या अळीला चिकटायला टणक जागा लागते, तर गोव्याचा समुद्रतळ बहुतेक वाळूचा आणि चिखलाचा. खडक आहे तो आग्वाद, काबो, मुरगाव, काब द राम अशा भूशिरांच्या पायथ्याशी आणि बेटांभोवती.

इथवर मला साधारण ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

‘वरून नदी येते ते दिसतं,’ ती म्हणाली, ‘पण त्याच दिवसांत खालूनही पाणी येतं, ते कुणाला दिसत नाही.’

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, आणि त्याबरोबर खोल समुद्रातलं गार पाणी उथळ तळावरून किनाऱ्याकडे चढत येतं. हे आधी केरळकडे सुरू होतं, मग उत्तरेकडे सरकतं. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत, साधारण दीडशे ते हजार मीटरांदरम्यान, प्राणवायू जवळजवळ नसतोच. जगातल्या अशा सगळ्यात मोठ्या थरांपैकी हा एक. वर चढणाऱ्या पाण्यात म्हणून प्राणवायू मुळातच कमी, पण पोषणद्रव्यं भरपूर. त्यावर वनस्पतिप्लवकांचं, म्हणजे पाणी हिरवं करणाऱ्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींचं, पीक येतं, मरतं, तळाशी बसून कुजतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. आणि वर पावसाच्या गोड्या, हलक्या पाण्याचा थर झाकणासारखा बसलेला असतो. त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही.

कांदोळीसमोर समुद्रात एक ठरलेली जागा आहे, साधारण पंचवीस-तीस मीटर खोल. संस्थेचे संशोधक तिथे १९९७ पासून वर्षानुवर्षं पाणी मोजत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या तळाशी प्राणवायू संपतो. १९९९ च्या मोसमात तर तिथे हायड्रोजन सल्फाइड सापडला, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. मग नोव्हेंबरच्या सुमाराला प्रवाह उलटतो, उत्तरेकडे वाहू लागतो, बंगालच्या उपसागराकडचं कमी खारट पाणी घेऊन येतो, आणि तळाला पुन्हा श्वास मिळतो.

मी समोरच्या पाण्याकडे बघत होते. जानेवारीची सौम्य दुपार, पर्यटक फोटो काढताहेत, पाणी हिरवट आणि शांत. चार महिन्यांपूर्वी याच किनाऱ्यासमोर तळाला काय परिस्थिती असेल याची कल्पनाही वरून येत नाही. मासे पोहून दुसरीकडे जातात. तळाचे मासे, कोळंबी अशा पाण्यापुढून पळ काढतात. पोवळं कुठे जाणार?

आणि आणखी एक गोष्ट तिथेच लक्षात आली. सकाळच्या बाजारातले बांगडे-तारले याच चढून येणाऱ्या पाण्यावर पोसलेले. पाणी हिरवं असतं म्हणून गोव्याचं हुमण शिजतं, आणि पाणी हिरवं असतं म्हणूनच इथे लक्षद्वीप होत नाही. एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं असं मला वाटत नाही. एकाच पाण्याच्या या दोन बाजू आहेत, आणि पोवळी नाहीत म्हणून गोव्याचा समुद्र गरीब म्हणणं मला चुकीचं वाटतं.

निघताना मैत्रिणीनं एक पांढरी-काळी रंगवलेली तबकडी आणि दोरी दिली. सेकी डिस्क. इटलीतल्या सेकी नावाच्या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरली, तीच पद्धत. तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते तिथे दोरी धरायची.

शनिवार, बायणा ते ग्रांद

झुवारीचा पूल ओलांडून सकाळी वास्कोत, तिथून बायण्याच्या किनाऱ्यावर. आमच्या होडीचा तांडेल मूळचा मालवणचा, पण त्याची हयात मुरगावातच गेलेली. अण्णांना बघताच म्हणाला, ‘मास्तरानू, आज तळ दिसतलो.’ वारा पडलेला होता.

तबकडी पहिल्यांदा किनारा सुटल्यावर लगेच सोडली. एक वाव, म्हणजे सहाएक फूट, दोरी जाण्याआधीच गायब. जानेवारीत नद्यांना पूर नसतो, पण भरती-ओहोटीचा ओढा मुखातला गाळ रोज दोनदा ढवळतो. मध्यावर पुन्हा सोडली, थोडी जास्त गेली. ग्रांद बेटाच्या आडोशाला, भूशिरापासून काही किलोमीटर बाहेर, तबकडी तीन वावांपर्यंत दिसत राहिली. अण्णांनी प्रत्येक वेळी दोरीला गाठ मारली आणि शेवटी तिन्ही गाठी समोर धरून त्या नुसत्या बघत बसले. सेकीची ती तबकडी शाळेत असती तर मुलांना काय काय दाखवलं असतं, असं म्हणाले.

ग्रांदभोवती डुबकीच्या जागांना इंग्रजी नावं आहेत. सूझीज रेक ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, एक जुनं बुडालेलं मालवाहू जहाज. लोखंड का होईना, पण टणक जागा. आम्ही मात्र बेटाच्या आडोशाच्या बाजूला, उथळात उतरलो. सोबत प्रशिक्षक होता.

पाणी हिरवं, पाच-सहा मीटरांपलीकडे धूसर. आधी नुसते दगड आणि शेवाळ. मग खडकाच्या उतारावर एक मोठी, करडी-पिवळी, दुमडलेली पत्र्यासारखी रचना दिसली. टर्बिनारिया. ग्रांदच्या पोवळ्यांत हिचंच राज्य आहे, आणि का आहे ते तिच्या अंगाकडे बघून कळत होतं. वरच्या, उजेडाच्या बाजूला तिच्या पापुद्र्यांच्या उभ्या घड्या पडलेल्या होत्या. उतारावर थोडं खाली, जिथे उजेड कमी, तिथे तीच जात आडवी, ताटासारखी पसरलेली, मिळेल तेवढा उजेड अंगावर घेत. उजेड जसा असेल तशी ती वाढते.

एका आडव्या पापुद्र्यावर गाळ साचला होता. मी श्वास सावकाश करत जवळ थांबले. गाळ चिकट स्रावाच्या बारीक दोऱ्यांत गुंतला होता, आणि हलक्याशा लाटेबरोबर त्या दोऱ्या कडेकडे सरकत होत्या. एक दोरी कडेवरून घरंगळली आणि पाण्यात विरली. मागे स्वच्छ पट्टा, त्यावर उमललेली बारीक पिवळी तोंडं. हे काम ती रात्रंदिवस करते. शिवाय उजेड कमी पडला तर पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. गढूळ पाण्यात टिकायचं तर हे दोन्ही यायला हवं. पुढे पोरायटिसचे गोल ढिगारे आणि गोनिओपोराची लांब देठांची फुलं दिसली, तीही गाळ सोसणाऱ्यांतली. लक्षद्वीपला जिकडेतिकडे असणारी फांद्यांची ॲक्रोपोरा इथे मला कुठेच दिसली नाही.

मासे होते. पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मेजर थव्यानं, जोडीनं फिरणारे फुलपाखरू मासे, एका कपारीत तोंड तेवढं बाहेर काढून बसलेला गोबरा. बेटाच्या मोकळ्या, समुद्राकडच्या बाजूला जाऊन आलेला प्रशिक्षक सांगत होता, की तिकडे लाटांचा मार जास्त, तिथे खडकाला चिकटून राहणारेच जीव दिसतात. पावसाळ्यात सरळ आदळणारा समुद्र तिकडे येतो.

वर आल्यावर काल ऐकलेलं आणि आज बघितलेलं डोक्यात एकत्र बसलं. वरून गोडं पाणी आणि गाळ दाबतो. खालून अंधार आणि प्राणवायू नसलेलं पाणी चढतं. या दोन्हींच्या मध्ये, खडक असलेल्या ठिकाणी, काही मीटर जाडीचा एक पट्टा उरतो. ग्रांदची पोवळी त्या पट्ट्यात राहतात. हे अनुमान माझं आहे, पण एवढ्या जवळून बघितल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

म्हणूनच त्यानंतर जे दिसलं त्यानं जीव तळमळला. शेजारी एक पर्यटकांची मोठी होडी आली आणि तिनं सरळ खडकावर नांगर टाकला. तांडेल ओरडला, पण यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. पुढे नांगर ओढत वर घेताना काय होतं ते मी आताच खाली बघून आले होते: टर्बिनारियाचा हातभर तुटलेला तुकडा, पांढरा पडलेला, उलटा. कठीण पोवळ्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाएवढंच. नांगराऐवजी बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत, आणि ते बसवणं काही अवघड नाही. ग्रांदला जाणाऱ्या प्रत्येकानं होडीत बसण्याआधी विचारावं, नांगर कुठे टाकणार? चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर तांडेलही सांगायला लागतील.

रविवार, बेतूल

दक्षिणेला साळ नदीच्या मुखाशी. अंग दुखत होतं, त्यामुळे फार हिंडलो नाही. मुखाच्या खडकांवरून लोक शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे लांबट शिंपले, काढत होते. हिरव्या कडेचे, बोटाएवढे. पोवळ्याला जे पाणी मारक, तेच शिणाण्याला मानवतं. ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे हिरवं पाणी म्हणजे त्यांचं ताट भरलेलं. गोडं पाणी आलं की शिंपले मिटून घेतात आणि वाट बघतात. लाटांचा मार असलेला खडक तर त्यांना हवाच, तिथे गाळ बसत नाही आणि खाणं सतत येत राहतं. दुपारी एका घरी तेच तिखट खोबऱ्यात खाल्ले. अण्णांनी दोनदा वाढून घेतले.

सोमवार, काणकोण

शेवटचा मुक्काम पाळोळ्याच्या अलीकडे. सकाळी गालजीबागेला जाऊन आलो, ऑलिव्ह रिडली कासवांच्या विणीचा किनारा. कासव दिसलं नाही, वनखात्यानं कुंपण घालून राखलेली जागा दिसली.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. तिला मी टर्बिनारियाचं सांगत होते, तर तिनं उन्हाळ्याचं विचारलं. मोसमी पावसाआधी, एप्रिल-मे महिन्यांत, गोव्याचा समुद्र सगळ्यात तापलेला असतो, तीस अंशांच्या आसपास. पोवळ्याला नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जास्त, आणि तो काही आठवडे टिकला, की ते आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. ग्रांदला असं २०१६ च्या आगेमागे झाल्याच्या नोंदी आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जगभर चौथ्यांदा पोवळी पांढरी पडत असल्याचं जाहीर झालं. लक्षद्वीपलाही त्या वर्षी मोठा फटका बसला.

मग ती जे म्हणाली ते मला पटलं. गाळ सोसणारी पोवळी उष्णताही सोसतील असं गृहीत धरू नये. गढूळ पाण्यानं ऊन अडतं, त्याचा थोडा आडोसा मिळतो, जूनमध्ये ढग येतात, पाणी गार होतं. पण तेच जून त्यांच्यावर गोडं पाणी आणि चिखलही घेऊन येतं. मे महिन्यात पांढरं पडलेलं, उपाशी पोवळं गाळ झटकणार कशाच्या जोरावर? लक्षद्वीपच्या पोवळ्याला उन्हाळ्यानंतर स्वच्छ पाणी मिळतं. ग्रांदच्या पोवळ्याला सावरायला वेळ मिळतो तो ऑक्टोबरनंतर.

एप्रिलच्या शेवटी परत यायचं ठरवलं आहे, पाणी सगळ्यात तापलेलं असताना आणि वारा फिरण्याआधी. तांडेलला फोन केला. म्हणाला, वीस मेपर्यंत होडी बाहेर काढतो, त्यापुढे समुद्र बघून. अण्णांनी तबकडी मैत्रिणीला परत केली नाही. तिच्या परवानगीनं ती त्यांच्याकडेच आहे. दर अमावास्या-पौर्णिमेला बायण्याहून जाणाऱ्या कुणाच्या तरी होडीत बसून तीन ठिकाणी पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं, असं त्यांनी सुरू केलं आहे.